पहिली बाजू, दुसरी बाजू

गुरुवार, १९ मे २०२२

मांडवी एक्स्प्रेस धरली की पनवेल यायच्या आत एकदा खाऊन झालेलं असतं. आमच्या कंपूत या गाडीची निवडच मुळी खाण्यावर होते. कटलेट झालं, ऑम्लेट-पाव झाला, गोरेगावच्या वहिनींनी घरून आणलेला पोळी आणि लसणीच्या चटणीचा डबा फिरला, आणि रोहा मागे पडल्यावर कुठे प्रवासाच्या निमित्ताची आठवण झाली.

निमित्त असं, की बी जीज या तीन गिब भावांच्या इंग्रजी गाण्यांच्या बँडमधला रॉबिन गिब २० मे २०१२ रोजी लंडनमध्ये गेला. उद्या त्याला दहा वर्षं पुरी होतील. आमच्यातले सर रत्नागिरीत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आता पावसच्या पुढे गावच्या घरी राहतात. त्यांचा निरोप बराच आधी आला होता: ‘आंबा यंदा रडकाच आहे, पण फणस मुबलक आणि रेकॉर्ड प्लेअर चालू स्थितीत. या.’

गाडीत ठाण्याचे दादा होते, वयाने आणि मतांनी सगळ्यांत वडील. गोरेगावचे भाऊ आणि वहिनी होते. वहिनींना या गाण्यांशी काही देणंघेणं नाही. त्या पावसाळ्याची सुकी मासळी भरायला येतात आणि तसं उघड सांगतात. आणि डोंबिवलीची मी. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई भाच्याला घेऊन आंबा घाटातून परस्पर येणार होत्या. रॉबिन गेला तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. भाचा सोडला तर आम्ही सगळे त्या वयाच्या आसपास, नाहीतर पुढे.

बी जीज म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं ते आम्हाला पाठ आहे. पांढरे चकचकीत कपडे, दिव्यांची रंगीत जमीन आणि उंच पट्टीतलं ‘स्टेइंग अलाइव्ह’. तो आवाज थोरल्या बॅरीचा. आम्ही जमतो ते त्याच्या आधीच्या गाण्यांसाठी, १९६७ पासूनच्या चार-पाच वर्षांतल्या, आणि त्यातही रॉबिनच्या कापऱ्या आवाजासाठी. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो रेडिओ सिलोनवर, थोरल्या भावाच्या मांडीला मांडी लावून. तेव्हा मला वाटलं होतं की गाणारा माणूस आता रडणार. तो रडत नाही, हेच त्या आवाजाचं वैशिष्ट्य.

संगमेश्वर आलं तसे दादा खिडकीशी सरकले. त्यांचं मूळ गाव तिथून आत आहे. घर पडलं, जागा चुलत्यांकडे गेली, आता जाणंयेणं खिडकीतूनच. ‘मॅसॅच्युसेट्स’ लागलं की दादा डोळे मिटून बसतात, त्यांच्याशी बोलायचं नसतं. घर सोडून दूर सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेल्या आणि परत फिरावंसं वाटणाऱ्या माणसाचं ते गाणं. गंमत म्हणजे गिब बंधूंनी ते लिहिलं तेव्हा ते राज्य पाहिलेलंही नव्हतं. ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं, त्या सकाळी वाजलेली दुसरी रेकॉर्ड हीच, आणि पुढच्या महिन्यात ती इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होती. मुंबईत राहून जन्म काढलेल्या कोकणी माणसाला त्या राज्याचा नकाशा लागत नाही.

उक्षी गेलं आणि करबुडेचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. दादांनी यासाठीच राखून ठेवलेलं गाणं लावलं, ‘न्यू यॉर्क मायनिंग डिझास्टर १९४१’. खाणीत अडकलेला एक माणूस शेजारच्याला बायकोचा फोटो दाखवतो आहे, एवढाच मामला. त्याच्यामागे वेल्समधल्या अॅबरफनची घटना आहे. २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळशाच्या खाणीतल्या मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. काही महिन्यांनी लंडनमधल्या एका अंधाऱ्या जिन्यात बसून या भावांनी गाणं रचलं, आणि १९६७ च्या एप्रिलमध्ये आलेल्या या गाण्याने त्यांचं इंग्लंडमध्ये नाव झालं. गाणं सव्वादोन मिनिटांत आटोपतं. बोगदा आटोपला नव्हता, म्हणून दादांनी ते पुन्हा लावलं. समोरच्या बाकावरच्या आजींनी कानातली कुडी सारखी करत विचारलं, “भजन का ओ?” दादा म्हणाले, “तसंच काहीतरी.”

एवढ्यावर थांबायचं ना! भाऊंनी लंडनमधल्या हिदर ग्रीनच्या अपघाताची गोष्ट काढली. ५ नोव्हेंबर १९६७, रविवारची संध्याकाळ, हेस्टिंग्जहून लंडनला येणारी गाडी रुळावरून घसरली, ४९ माणसं मेली. त्या गाडीत सतरा वर्षांचा रॉबिन होता आणि वाचला. वहिनींनी भाऊंकडे असं बघितलं की डबे कसे उलटले याचं वर्णन त्यांच्या तोंडातच राहिलं. “गाडीत बसून गाडीच्या अपघाताच्या गोष्टी? उतरल्यावर सांगा.”

उतरल्यावर रत्नागिरी स्टेशनाजवळचं श्रमशक्ती स्मारक बघितलं. ही लाइन बांधताना जीव गमावलेल्या कामगारांचं ते आहे. बोगद्यातल्या त्या गाण्यानंतर ते टाळून रिक्षात बसणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर फिरलो, तिथल्या किनाऱ्याला काळा समुद्रच म्हणतात. जेटीवर गर्दी होती, भेळ बरी होती. रात्री बांगडा आणि सोलकढी. डॉक्टरीणबाई साडेनऊला पोचल्या, घाटात ट्रक आडवा झाला होता म्हणे.

शुक्रवार, २० मे

सकाळी सर सुमो घेऊन आले. गावाकडे जायच्या आधी त्यांनी गाडी उलट्या दिशेला, मिऱ्याकडे वळवली. तिथे बसरा स्टार उभं होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हे जहाज भरकटून मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं आणि तेव्हापासून तिथेच होतं. जवळून ते जहाज वाटतच नाही. गंजलेला पत्र्याचा वाडा कुणीतरी दगडांवर तिरका ठेवून दिलाय असं वाटतं. भरतीची लाट आदळली की आतून पोकळ आवाज येतो. पोरं सेल्फी घेत होती.

‘ओडेसा’ ऐकायला याहून बरी जागा मिळाली नसती. १९६९ सालचा हा दोन रेकॉर्डींचा अल्बम, लाल मखमली वेष्टनातला, वर सोनेरी अक्षरं. त्यातलं पहिलंच गाणं साडेसात मिनिटांचं. १८९९ च्या फेब्रुवारीत व्हेरोनिका नावाचं जहाज बेपत्ता होतं आणि वाचलेला एकटा खलाशी हिमनगावर तरंगत बायकोचा विचार करत बसतो, अशी रचलेली कथा. चेलो पॉल बकमास्टरचा. रॉबिन ते गातो तेव्हा वीस वर्षांचाही झालेला नव्हता. हे वय एकदा माहीत झालं की गाणं नीट ऐकवत नाही, सारखा तो पोरगा दिसतो.

बाकी अल्बमबद्दल माझं मत कंपूत कोणाला आवडत नाही. दोनऐवजी एकच रेकॉर्ड काढली असती तर सोनं झालं असतं. मधेमधे नुसत्या वाद्यांचे तुकडे आहेत, ते घड्याळ बघायला लावतात. दादा म्हणतात, तुला सिनेमाच्या गाण्यांची सवय.

या माणसाच्या आयुष्यात बोटी फार. जन्म आयल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लसचा, २२ डिसेंबर १९४९, जुळा मॉरिस त्याच्या मागोमाग पस्तीस मिनिटांनी. १९५८ मध्ये कुटुंब फेअरसी नावाच्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेलं. तिथे क्वीन्सलँडमधल्या रेडक्लिफ गावी मोटारींच्या शर्यतींच्या मधल्या वेळात ही पोरं गायची आणि लोकांनी फेकलेली नाणी वेचायची. १९६७ च्या सुरुवातीला परत आले तेही बोटीनेच. आणि मरणाआधी रॉबिनने मुलाबरोबर शेवटचं मोठं काम केलं ते टायटॅनिकवरचं. १० एप्रिल २०१२ ला लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तो इतका आजारी होता की जाऊ शकला नाही.

भाऊंचं आजोळ रेवसकडचं. ते जहाजाकडे पाठ करून उभे होते. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. भाऊंचा जन्म त्यानंतरचा, तरी त्यांच्या आजोळी गटारी अमावास्येला अजून कोणी बोटीत पाय ठेवत नाही. “तुमचा तो व्हेरोनिकावाला रचलेला आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे रचायला लागत नाही.”

सुमोचे ड्रायव्हर हे सगळं ऐकत होते. भाट्याचा पूल ओलांडल्यावर त्यांना राहवेना. “ह्यांच्यात नाचाचं एक पण गाणं नाय काय ओ?” दादांनी उत्तर दिलं नाही. मग गोळप येईपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या फोनवर ‘स्टेइंग अलाइव्ह’ वाजलं. बंद पडलेलं हृदय चालवायला छातीवर दाब द्यायचा त्याचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि हे गाणं नेमकं त्या वेगात बसतं, म्हणून शिकवताना ते वापरतात. “तुमच्या खलाशाच्या गाण्याने माणूस मेला असता,” असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरकडून दाद घेतली.

आता सरांचं घर. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू, पुढे लांबलचक पडवी आणि पडवीच्या बरोबर मधोमध एक भिंत. सर आणि त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना गाव अण्णा म्हणतो, यांच्या वाटण्या झाल्याला पंचवीसेक वर्षं झाली. भिंत आढ्यापर्यंत न्यायची तर वासे हलवावे लागले असते, म्हणून ती डोक्याच्या थोडी वर थांबवली. त्यामुळे जमीन वेगळी, चूल वेगळी, मीटर वेगळा आणि हवा एकच. पलीकडे फोडणी पडली की अलीकडे ठसका लागतो. भांडणाचं कारण विचारलं तर सर न्हाणीच्या पाण्याची मोरी सांगतात. काकू, म्हणजे सरांच्या सौ., म्हणतात, मोरीचं नव्हतं हो, मोरीवरून बोलले त्याचं.

जेवणं झाली. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, भात, आमरस. पान खाऊन आम्ही प्लेअरभोवती बसलो आणि दादांनी विचारलं, “काढा रेकॉर्डी.”

सर चष्मा पुसू लागले. रेकॉर्डी नव्हत्याच. कॉलेजच्या दिवसांत दोघे भाऊ गिरगावात एका खोलीत राहत. खानावळीचे पैसे वाचवून दोघांनी प्लेअर घेतला आणि एक-एक करत रेकॉर्डी. वाटणीत प्लेअर सरांच्या बाजूला आला आणि खोका अण्णांच्या. तेव्हापासून सर अधूनमधून प्लेअर नुसता फिरवून बघतात, पट्टा धरला नाही ना एवढ्यासाठी. निरोपातलं ‘चालू स्थितीत’ अगदी खरं होतं.

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डी घर बदलताना रद्दीवाल्याकडे गेल्या, तेव्हा इथवर येऊन फोनवर ऐकायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी काकू उठल्या. ताटलीत सांदणं घेतली, वर नारळाचं दूध, आणि परसातून पलीकडे गेल्या. त्या दारावर कोणाची भिंत नाही. अर्ध्या तासाने परत आल्या त्या जुन्या धोतरात गुंडाळलेली ‘बेस्ट ऑफ बी जीज’ घेऊन. अटी दोन: मधे बोट लावायचं नाही आणि झोपायच्या आधी परत.

१९६९ मध्ये निघालेला हा निवडक गाण्यांचा अल्बम. वेष्टनाच्या मागे सर आणि अण्णा दोघांची सही, एकाच पेनातली.

सरांनी ‘मॅसॅच्युसेट्स’साठी दुसरी बाजू वर ठेवली. सुई टेकली, खरखर झाली आणि बॅरीच्या आवाजात ‘फर्स्ट ऑफ मे’ सुरू झालं. दोन ओळी झाल्या असतील नसतील, भिंतीवरून आवाज आला.

“त्याला सांगा, बाजू बदल!”

सर काकूंकडे बघून म्हणाले, “सांग त्यांना, पाहुण्यांना मॅसॅच्युसेट्स ऐकायचंय, ते याच बाजूला आहे.”

“ते नंतर ऐका म्हणावं. ज्या गाण्यापायी रॉबिन घर सोडून गेला, ते रॉबिनच्या दिवशी पहिलं लावतो?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पलीकडे आमच्यातला माणूस बसला होता, आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ‘ओडेसा’तलं एक गाणं सुटी रेकॉर्ड म्हणून काढायचं होतं. मॅनेजर रॉबर्ट स्टिगवुडने बॅरीचं ‘फर्स्ट ऑफ मे’ पुढच्या बाजूला घेतलं आणि रॉबिनचं ‘लँपलाइट’ मागे टाकलं. आतली धुसफूस आधीपासून होतीच, पण १९६९ च्या मार्चमध्ये रॉबिन बाहेर पडला तो यावरून. त्याच उन्हाळ्यात त्याचं एकट्याचं ‘सेव्हड बाय द बेल’ इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मागे राहिलेले दोघेही वर्ष संपेपर्यंत फुटले. १९७० मध्ये तिघे परत एकत्र आले आणि बॅरी-रॉबिनने मिळून ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’ लिहिलं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं हे पहिलं गाणं, १९७१ सालचं.

रेकॉर्डची कुठली बाजू वर, यावरून सख्खे भाऊ दीड वर्ष वेगळे राहिले. मोरीवरून पंचवीस वर्षं काढणाऱ्या गावाला याचं नवल वाटायचं कारण नाही.

बाजू बदलली. ‘हॉलिडे’ झालं. ‘आय हॅव गॉटा गेट अ मेसेज टू यू’ झालं, फाशीच्या वाटेवरच्या कैद्याला बायकोला निरोप पोचवायचाय त्याचं. इथे रॉबिन आणि बॅरी आळीपाळीने गातात आणि मधे मॉरिस दोघांना बांधून घेतो. आयुष्यभर त्याने घरातही तेच केलं म्हणतात. मॉरिस १२ जानेवारी २००३ ला गेला आणि बी जीज संपले. दादांना इथे बोलायची लहर आली. बॅरीने पुढे उघडपणे सांगितलं, की एकेक भाऊ गेला तेव्हा आमचं त्याच्याशी धड नव्हतं, ही खंत राहिलीय. दादांचा आवाज खणखणीत, भिंत बुटकी. वहिनींनी त्यांना कोपर मारलं. सर उठले. “चहा टाकायला सांगू का?”

रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोणालाही चहा नको होता. सगळ्यांनी हो म्हटलं.

‘आय स्टार्टेड अ जोक’ लागेपर्यंत वारा सुटला होता. या गाण्याची चाल विमानाच्या इंजिनाच्या एकसुरी घरघरीत ऐकू आली, असं रॉबिन सांगायचा. पहिली सर कौलांवर आली, दिवे दोनदा मिचकावले आणि वीज गेली. रेकॉर्ड फिरता फिरता मंदावली, रॉबिनचा उंच, कापरा आवाज खाली खाली घसरत गेला, बॅरीच्या खाली, मग रेड्याच्या खाली.

“सुई उचल! आधी सुई उचल रे!”

सरांनी अंधारात हात घातला, करकर झाली, सुई उठली. मग पलीकडून, जरा हळू: “सुई झिजल्ये तुझी. केव्हापासून ऐकतोय.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते एकमेकांशी थेट बोलले होते. काकूंनी मेणबत्ती लावली आणि रेकॉर्ड धोतरात गुंडाळून भर पावसात परत देऊन आल्या, कारण अट ती अट. ‘मॅसॅच्युसेट्स’ राहिलंच. डासांनी रात्रभर फोडून काढलं.

शनिवार, २१ मे

सकाळ धुऊन निघालेली, उकाडा मात्र दुप्पट. घावन खाऊन पूर्णगडला गेलो. किल्ला लहानसा, पाय मोकळे होतात न होतात तो बघून संपतो. पण तटावरून मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते ते सगळं दिसतं. पलीकडे गावखडीचं सुरूचं बन. होड्या वर ओढायची वेळ आली होती. एका खळ्यावर वहिनींना हवी तशी सोड्याची पुडकी मिळाली आणि त्यांच्या लेखी प्रवास सफल झाला.

तटावर बसून भाच्याने भांडण काढलं. त्याचं म्हणणं, तुम्ही मंडळी डिस्कोचा राग उगाच करता. ‘हाउ डीप इज युअर लव्ह’वर तिघांचीही नावं आहेत, रॉबिन त्यात बसून लिहीत होता, त्याला तुम्ही जबरदस्तीने जुन्या काळात का कोंडता? पोराने अभ्यास केला होता. १९७५ मध्ये मायामीत ध्वनिमुद्रण चालू असताना निर्माता आरिफ मार्डिनने मागे किंचाळल्यासारखं कोणी गाईल का विचारलं, बॅरीने करून बघितलं आणि तिथून तो उंच आवाज निघाला, हे त्यानेच सांगितलं. मार्डिनने मागितलं नसतं तर १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ सिनेमाचं संगीत वेगळंच झालं असतं.

मी त्याला म्हटलं, लिहीत होता हे कबूल. पण गात कुठे होता? त्या सगळ्या गाजलेल्या गाण्यांत रॉबिन मागे आहे, तिघांच्या एकत्र आवाजात विरघळलेला. जुन्या गाण्यांत तो एका कानावर हात ठेवून पुढे उभा राहतो, शाहीर पोवाड्याला ठेवतो तसा, आणि आवाज फेकतो. सूर किंचित थरथरतो, पण जागचा हलत नाही. पुढे यश कितीतरी पट आलं आणि त्या यशात हा आवाज मागच्या रांगेत गेला. मला राग डिस्कोचा नाही, त्या रांगेचा आहे. ‘लँपलाइट’ मागच्या बाजूला टाकलं तेव्हाच त्याची सुरुवात झाली होती.

भाचा म्हणाला, “मग तुम्ही अण्णांच्या पार्टीच्या.”

असेन.

दुपारी सगळे झोपले. संध्याकाळी फणस फोडला, कापा होता. हाताला तेल न लावता बसलेल्या दादांचा चीक रात्रीपर्यंत निघत होता. रात्री फोनवर बाकीची गाणी ऐकली, ‘सेव्हड बाय द बेल’सुद्धा. मला ते जरा गुळमट वाटतं. भिंतीपलीकडे टीव्हीवर बातम्या मोठ्याने चालू होत्या. ‘मॅसॅच्युसेट्स’ लागल्यावर बातम्यांचा आवाज कमी झाला, आणि गाणं संपल्यावर पूर्ववत.

रविवार, २२ मे

सकाळी सामान सुमोत चढत होतं. अठळ्यांची पिशवी, आमसुलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात जेमतेम दोन डझन आंबे, सोडे. वासाने ड्रायव्हरनी काचा आधीच खाली केल्या होत्या. एवढ्यात पलीकडच्या अंगणातून एक उंच, वाळके गृहस्थ आले. बनियन, पंचा, खिशाऐवजी कनवटीला चष्मा. सरांकडे न बघता ते थेट दादांसमोर उभे राहिले आणि वहीचा फाडलेला कागद पुढे केला. त्यावर प्लेअरचं नाव, मॉडेल, सुईचा नंबर, सगळं टाकाने लिहावं तसं वळणदार अक्षरात.

“मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळेल. हिऱ्याचीच घ्या, दुसरी नको. पैसे माझे.”

“पण मशीन तर…” दादांनी सरांकडे बघितलं.

“मशीन त्याचं. रेकॉर्ड माझी खराब होते ना त्या सुईने.”

सर सुमोच्या टपावरची दोरी आवळत होते. म्हणाले, “सांगा त्यांना, अर्धे मी देईन.”

“अर्धे नकोत.”

“मग नको सुई.”

हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे, गाडीची वेळ होत आली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद काढून घेतला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, “बिल आलं की बघू.”

परतीच्या गाडीला मेच्या सुट्टीची सगळी मुंबई होती. आमच्या राखीव जागांवर आधीच फणस बसले होते, मालकांसकट. चिपळूणपर्यंत तडजोडी चालल्या. करबुडेत दादांना गाणं लावायचंही सुचलं नाही, ते दाराशी उभे राहून दोन खोक्यांच्या मधे पाय शोधत होते.

सुई मिळाली आहे. लॅमिंग्टन रोडवरच, पण दुकानदाराने ती एका जुन्या खोक्यातून शोधून काढली आणि किंमतही तशीच सांगितली. आता पार्सल कोणाच्या नावाने पाठवायचं यावर वाद आहे. घर नंबर दोघांचा एकच, पुढे फक्त अ आणि ब. भाऊ म्हणतात, पैसे अण्णांचे, तर पार्सल अण्णांना. दादा म्हणतात, लागणार सरांच्या मशीनला, तर सरांना. वहिनींनी फोन काढून घेतला आणि सांगितलं, काकूंच्या नावाने टाका, म्हणजे पोचेल तरी. आणि येताना त्यांच्याकडून आणखी सोडे मागवा, गेल्या वेळचे संपले.